लढाई चालू असलेल्या देशाला हत्यारं द्यावीत का? (आणि टॉवेल?)

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे पण घरात रोज त्यावरून वाजतंय म्हणून इथं टाकतो. आमच्या चुलतभावाचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे. त्याला पोलंडच्या एका व्यापाऱ्याकडून चौकशी आली, मिलिटरी हिरव्या रंगाचे टॉवेल, क्वांटिटी मोठी, पॅकिंगवर कसलाही छाप नको. माल पुढं कुठं जाणार ते सांगत नाही, पण पोलंडच्या पलीकडं काय चाललंय ते शेंबडं पोरगं पण सांगेल. भाऊ खूश. आमचे वडील म्हणाले लढाईचा पैसा घरात नको. झाल्या दोन पार्ट्या.

माझं मत सांगून टाकतो. लढणाऱ्या देशाला बाहेरून हत्यारं पुरवली की लढाई लांबते, बाकी काही होत नाही. युक्रेनचंच बघा की, फेब्रुवारी २०२२ ला रशिया घुसला तेव्हा सगळे म्हणत होते आठवड्यात कीव्ह पडणार. पडलं नाही ते बरंच झालं, पण मग अमेरिका आणि युरोप ओतत बसले. एप्रिल २०२४ ला तर अमेरिकेच्या संसदेनं एका दमात सुमारे ६१ अब्ज डॉलर मंजूर केले. संपली का लढाई? मरतात तिथली पोरं आणि झळ इथंपर्यंत. रशियाचं तेल घेता म्हणून ऑगस्ट २०२५ ला ट्रम्पनं आपल्यावर जादा २५ टक्के आयात शुल्क ठोकलं, एकूण ५० झाले, तेव्हा अमेरिकेला टॉवेल पाठवणाऱ्यांची काय हालत झाली ते इथल्या बऱ्याच जणांना माहितीय.

तर मदत करणं बरोबर का, आणि भारतानं कधी कुणाला करावी का, असे दोन प्रश्न. टॉवेलचं नंतर बघू.

कडकभाकरी
टॉवेलबरोबर चादर पण खपवा बे. एक सोलापुरी चादर घेतली की तीन पिढ्या लढता येतंय.

अशोकचौककर
धागा छान. पण युक्रेनसाठी आपण का रडायचं ते कळंना. याच युक्रेननं पाकिस्तानला ३२० टी-८० रणगाडे विकले होते १९९६-९७ च्या सुमाराला. तेव्हा त्यांना वाटलं नाही का हे कुणावर वापरणार म्हणून? आता त्यांच्यावर आली तर जगानं धावायचं.

माजी_तोफखाना
टॉवेलवाले, "लढाई लांबते" हे वाक्य घरात बसून बोलायला सोपं आहे. मी तोफखान्यात होतो, नोकरीचा मोठा काळ बोफोर्सवर गेला. ज्याच्या घरात शत्रू शिरलाय त्याच्याकडं गोळा संपला तर लढाई थांबत नाही, फक्त एका बाजूनं चालू राहते. हे लक्षात घ्या.

लोकांना वाटतं मदत म्हणजे मोठमोठी विमानं आणि रणगाडे. फोटो त्याचेच येतात ना. खरी भूक असते गोळ्यांची. १५५ मिमीचा गोळा हा रोज खाल्ला जाणारा माल आहे. कारगिलला आपण अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि रॉकेटं डागली आणि ती लढाई काही आठवड्यांची, तेवढ्याशा डोंगरपट्ट्यातली. युक्रेनची आघाडी हजार किलोमीटरच्या वर आहे, करा हिशोब. नुसता गोळा पण पुरत नाही, नळी झिजते. ठराविक फायरिंग झालं की नळी बदलावीच लागते, नाहीतर गोळा कुठं जाईल भरवसा नाही. मग सुटे भाग, ते बसवणारी माणसं, त्यांचं ट्रेनिंग. दहा देशांनी दहा तऱ्हेच्या तोफा दिल्या तर दहा तऱ्हेचे स्पेअर लागतात, तिथल्या वर्कशॉपवाल्याचं काय होत असेल मी सांगू शकतो.

आणि कारगिलला आपल्याला पण दुसऱ्यानं दिलंच की. इस्रायलनं मॉर्टरचा दारूगोळा दिला, विमानांसाठी लेझरनं नेम धरायची उपकरणं दिली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की यानं लढाई लांबेल.

टॉवेलवाला
काका कारगिल आपलं होतं, आपण आपली जमीन परत घेत होतो.

माजी_तोफखाना
मग ते काय करताहेत?

कडकभाकरी
सुभेदारसाहेबांनी पहिल्याच गोळ्यात टार्गेट घेतलं.

मृण्मयी_के
मी शाळेत इतिहास शिकवते त्यामुळं थोडं लांबण लावणार, चालवून घ्या.

हत्यारांची मदत कुणाच्या हातात पडते आणि किती दिवसांनी कुणावर रोखली जाते हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. १९५४ ला अमेरिकेनं पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला, आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र लिहून हमी दिली होती की ही हत्यारं भारताविरुद्ध वापरू देणार नाही. ती कम्युनिस्टांविरुद्ध होती म्हणे. १९६५ च्या सप्टेंबरात तेच पॅटन रणगाडे खेमकरणमध्ये आले. असल उत्तरला अब्दुल हमीदनं जीपवरच्या तोफेनं फोडले ते हेच. मग अमेरिकेनं काय केलं तर दोघांचाही पुरवठा बंद केला, ज्यानं सुरू केलं त्याचा आणि ज्याच्यावर आलं त्याचा एकाच मापानं.

१९६२ चं तर सगळे सोयीनं विसरतात. चीन आत आला तेव्हा अलिप्ततावादी नेहरूंनी केनेडींकडं मदत मागितली होती. अमेरिका आणि ब्रिटननं पाठवली पण, विमानं भरून बंदुका, दारूगोळा, थंडीचे कपडे. पण लगेच पाठोपाठ अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे डंकन सँडिस आले आणि म्हणाले काश्मीरवर पाकिस्तानशी बोला. डिसेंबर १९६२ ते मे १९६३, आपले स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे भुत्तो यांच्या बोलण्याच्या सहा फेऱ्या झाल्या त्या हौसेनं झालेल्या नाहीत. हरलेल्या, घाबरलेल्या देशाकडून काय काय लिहून घेता येतं याचा तो प्रयत्न होता. निष्पन्न काही झालं नाही हे आपलं नशीब.

म्हणून मला "बरोबर की चूक" यापेक्षा मदतीसोबत काय येतं याची जास्त काळजी वाटते.

बार्शीकर
मॅडमनी बरोबर धरलं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती, ते सांगायला नको. ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याच्या आधी येतो, टोळीला उचल देतो. उचल देताना काय गोड बोलतो. एकदा उचल घेतली की कोयता त्याचा, फड तो म्हणेल तो, सीझन तो म्हणेल तेव्हा संपणार आणि घरी जाताना हिशोबात परत काहीतरी अंगावर निघणार. लष्करी मदत ही उचल आहे. घेणाऱ्याला दुसरा रस्ता नसतो म्हणून तो घेतो, देणाऱ्याला हे माहिती असतं.

फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी झेलेन्स्कीला व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यासमोर जे झापलं ते आठवा. मार्चच्या सुरुवातीला हत्यारं थांबवली, गुप्त माहिती देणं पण थांबवलं. आठवड्याभरात माणूस सरळ. ११ मार्चला जेद्दाहला युद्धविरामाला हो म्हणाले आणि परत चालू.

कडकभाकरी
बार्शीकर कधी नव्हे ते मुद्द्याचं बोलले. बार्शी तिथं सरशी.

बार्शीकर
कधी नव्हे म्हणजे? तुमच्या सोलापुरात पाणी पण रोज येत नाही अन् बोलतंय.

गोदूताईनगर
पाण्याचा विषय निघालाच म्हणून विचारते. माझी आई विड्या वळायची, मी शिलाई मशीनवर आहे. ६१ अब्ज डॉलर हा आकडा वाचून मला पहिला प्रश्न हाच पडतो की त्यांच्या देशात गरीब नाहीत का? त्यांच्या बायका विचारत नसतील का आमचं भागवा आधी? आपल्या सरकारनं उद्या कुणाला फुकट तोफा पाठवल्या तर मी तरी विचारणार की आमचं पाणी चार-पाच दिवसांनी का येतं.

वकीलसाहेब_सातरस्ता
ताई प्रश्न रास्त आहे पण तो पैसा डॉलरच्या बॅगा भरून कीव्हला जात नाही. मोठा भाग अमेरिकेतच राहतो. तेव्हाची पद्धत अशी की राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या गोदामातली हत्यारं काढून द्यायचे, त्यातली बरीच जुनी, आणि मंजूर पैशातून गोदाम नव्या मालानं भरायचे. तो नवा माल त्यांच्याच कारखान्यात बनतो. पेनसिल्व्हेनियात स्क्रँटन म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात १५५ मिमीच्या गोळ्यांची कवचं बनतात. सप्टेंबर २०२४ ला झेलेन्स्की तिथं कामगारांचे आभार मानायला गेले होते. म्हणजे तिथल्या शिफ्टवाल्याला विचाराल तर तो म्हणेल मदत चालू राहू दे.

गोदूताईनगर
म्हणजे लढाई थांबली तर त्यांच्या शिफ्टा थांबणार. हे तर अजून वाईट झालं वकीलसाहेब. मी भोळेपणानं विचारलं होतं, तुम्ही तर टॉवेलवाल्यांच्या बाजूनं पुरावा दिला.

कडकभाकरी
वकिलाला पहिल्यांदाच अशिलाशिवाय केस हरताना बघितलं.

वकीलसाहेब_सातरस्ता
केस अजून चालू आहे. आणि अशोकचौककर, रणगाड्यांचं खरं आहे, नाकारत नाही. पण त्याच युक्रेननं आपल्या हवाई दलाच्या एएन-३२ विमानांच्या नूतनीकरणाचं काम २००९ पासून घेतलं, आणि आपल्या नौदलाच्या कितीतरी युद्धनौकांची गॅस टर्बाइन इंजिनं मिकोलाइव्हच्या कारखान्याची आहेत. लढाई सुरू झाल्यावर आपल्याला पण सुट्या भागांची चिंता लागली. रशियाकडून एस-४०० उशिरा आले त्याचंही कारण हीच लढाई. दोन्हीकडं आपलं काहीतरी अडकलेलं आहे. हत्यारांच्या बाजारात कुणी कुणाचा कायमचा वैरी नसतो.

खारकीव्हरिटर्न
वाचत होते, लिहू की नको चाललं होतं. मी युक्रेनात खारकीव्हला एमबीबीएसला होते. आता परीक्षांच्या चक्रात आहे, तो वेगळा धागा होईल.

सुरुवातीचे दिवस आम्ही मेट्रो स्टेशनात काढले. वर आवाज यायचे, खाली म्हाताऱ्या बायका प्लॅटफॉर्मवर अंथरूण टाकून बसलेल्या, लहान पोरं वहीत चित्रं काढतायत. १ मार्चला कर्नाटकातल्या हावेरीचा आपला एक विद्यार्थी तिथं हल्ल्यात मारला गेला. दुसऱ्या दिवशी एम्बसीचा मेसेज आला की आत्ताच्या आत्ता खारकीव्ह सोडा, गाडी नसेल तर चालत. पेसोचिनपर्यंत आम्ही बर्फात चालत गेलो. घरी आल्यावर सत्कार झाले, फोटो झाले.

सांगायचं ते वेगळं आहे. आमच्या हॉस्टेलच्या वॉर्डन बाई, साठीच्या. जर्मनीनं हल्ल्याच्या आधी जानेवारीत पाच हजार हेल्मेट देऊ केली होती ना, त्यावर त्या हसायच्या, म्हणायच्या पुढच्या वेळी उशा पाठवतील. निघताना मी त्यांना विचारलं तुम्ही का येत नाही. त्यांनी मला उलट विचारलं, तुझा देश काय पाठवणार आहे? मी म्हटलं औषधं, ब्लँकेट. त्या म्हणाल्या औषध कशाला, जखमच होऊ नये असं काहीतरी द्या.

टॉवेलवाला, हत्यारं मिळाली म्हणून लढाई लांबली असं तुम्ही म्हणता. तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल अर्धी अर्धी आणि उशिरा मिळाली म्हणून लांबली. हेल्मेटांपासून लेपर्ड रणगाड्यांपर्यंत यायला जर्मनीला वर्ष लागलं, जानेवारी २०२३. एफ-१६ पोचली ऑगस्ट २०२४ ला. लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र रशियाच्या हद्दीत मारायची परवानगी नोव्हेंबर २०२४ ला. दर वेळी आधी नाही, मग चर्चा, मग हो, आणि तोपर्यंत समोरच्यानं खंदक खणलेले.

माजी_तोफखाना
पोरी, शाब्बास. हे अगदी फौजी बोललीस. थेंब थेंब मदत ही सगळ्यात वाईट. एकतर द्या आणि वेळेत द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी सांगा देणार नाही, म्हणजे तो त्याचा निर्णय घेईल.

टॉवेलवाला
ताई तुम्ही जे बघितलं त्यापुढं मी काय बोलणार, पण माझा मुद्दा जाग्यावरच आहे. समोर अणुबॉम्बवाला आहे म्हणून ते घाबरत घाबरत देतात. पूर्ण देऊ शकतच नाहीत. म्हणजे जेवढं देता येतं त्यानं हरत नाही आणि जिंकतही नाही. मग मी म्हटलं ते वेगळं काय आहे?

अशोकचौककर
+१. आणि अणुबॉम्बवरून आठवलं, युक्रेनकडं स्वतःचे होते की. ५ डिसेंबर १९९४, बुडापेस्ट. जगातला तिसरा मोठा साठा सोडून दिला, बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी कागदावर सही दिली की तुमच्या सीमांचा आदर करू. कागद राहिला. आपण १९९८ ला पोखरण केलं ते किती बरोबर होतं बघा.

मृण्मयी_के
आता एक घरचं. लढणाऱ्या देशाला मदत म्हटल्यावर सोलापूरकरांना कोटणीस आठवू नयेत याचं आश्चर्य वाटलं. १९३८ ला जपानशी लढणाऱ्या चीननं मदत मागितली. आपण तेव्हा स्वतंत्र सुद्धा नव्हतो. काँग्रेसनं वर्गणी काढली, पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात आपले द्वारकानाथ कोटणीस. बाकीचे परत आले, हे राहिले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर ऑपरेशनं करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. चीनचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटायचे.

अशोकचौककर
मॅडम रिस्पेक्ट आहेच, पण त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी त्याच चीननं आपल्याला काय दिलं ते तुम्हीच वर लिहिलंय. आणि ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानच्या विमानांवर कुणाची क्षेपणास्त्रं होती?

मृण्मयी_के
हो. म्हणून काय कोटणीसांनी तो जखमी शिपाई टेबलावरून खाली उतरवायला हवा होता का? ते परतफेडीसाठी गेले नव्हते. सरकारांनी हिशोब ठेवावा, ठेवायलाच हवा, डॉक्टरनं का ठेवावा.

गोदूताईनगर
पण मॅडम, आठव्या मार्ग सेनेचा शिपाई बरा होऊन परत बंदूक घेऊनच गेला असणार ना? मग ती मदत लष्करी नाही कशी?

कडकभाकरी
गोदूताईनगर आज सगळ्यांची दांडी उडवतायत. वकीलसाहेब, ज्युनिअर म्हणून घ्या यांना.

मृण्मयी_के
या प्रश्नावर मी दुपारभर विचार करतेय. जखमी जपानी शिपायावर पण त्याच हातांनी उपचार केले असते, एवढा फरक मला दिसतो. तोफ तसं करत नाही. पण तुमचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, मान्य.

वकीलसाहेब_सातरस्ता
भारताचं म्हणाल तर आपण काही सोवळे नाही. १९७१ ला बांगलादेशच्या मुक्ती वाहिनीला ट्रेनिंग दिलं, हत्यारं दिली, तेही युद्ध जाहीर व्हायच्या कितीतरी आधी. एक कोटीच्या आसपास निर्वासित आले होते, दुसरा इलाज नव्हता, आणि ती मदत योग्य होती असंच मी म्हणेन. ९ ऑगस्टला रशियाशी करार करून पाठ भक्कम केली, मग डिसेंबरात स्वतः उतरून दोन आठवड्यांच्या आत विषय संपवला. पण तोच आत्मविश्वास घेऊन पुढं श्रीलंकेतल्या तमिळ वाघांना ट्रेनिंग दिलं. १९८७ ला शांतिसेना गेली आणि आपणच तयार केलेल्या पोरांशी लढली, अकराशेहून जास्त जवान गेले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूर, राजीव गांधींची हत्या. माझ्या मते फरक हा की पहिल्या वेळी आपल्याला काय हवंय आणि कुठं थांबायचं हे दिल्लीला माहिती होतं.

माजी_तोफखाना
शांतिसेनेत माझे बॅचमेट होते. त्यावर इथं लिहिणार नाही.

व्यवस्थापक
चर्चा छान चालली आहे. पक्षीय राजकारणावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत, ज्यांचे उडाले त्यांना माहीत आहे.

बार्शीकर
माझा एक उडाला. त्यात शेंगा चटणीवर पण दोन ओळी होत्या, त्या तरी ठेवायच्या.

खारकीव्हरिटर्न
भारतानं काहीच दिलं नाही असं नाही हां. ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान कीव्हला गेले तेव्हा चार भीष्म क्यूब दिले, म्हणजे पेट्यांमध्ये मावणारं आणीबाणीचं हॉस्पिटल, जखमींवर तिथल्या तिथं उपचार करता येतात.

अशोकचौककर
आणि गोळ्यांचं काय? २०२४ च्या सप्टेंबरात रॉयटर्सनं बातमी दिली होती की युरोपातल्या देशांना विकलेले भारतीय गोळे पुढं युक्रेनला गेले आणि रशियानं तक्रार केली. परराष्ट्र मंत्रालयानं ती बातमी अंदाजपंचे आणि दिशाभूल करणारी म्हणून झटकली.

माजी_तोफखाना
गोळ्यावर पत्ता लिहिलेला नसतो. विकताना एंड यूजर सर्टिफिकेट, म्हणजे माल शेवटी कोण वापरणार त्याचा दाखला घेतात, पण एकदा बोट निघाली की त्या कागदाची किंमत समोरच्या सरकारच्या दानतीवर.

टॉवेलवाला
हाच तर माझ्या टॉवेलचा प्रश्न आहे. वकीलसाहेब, कायदा काय म्हणतो? भाऊ सारखा विचारतोय.

वकीलसाहेब_सातरस्ता
फुकट सल्ला, म्हणून मोजून देतो. निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची स्कोमेट नावाची यादी असते. लष्करी हेल्मेट, बुलेटप्रूफ जॅकेट असला माल त्यात येतो, डीजीएफटीची (केंद्राचं परदेशी व्यापार खातं) किंवा संरक्षण उत्पादन खात्याची परवानगी लागते. साधा टेरी टॉवेल, मग हिरवा असो की गुलाबी, त्यात येत नाही. कायद्यानं भाऊ मोकळा. पण ज्या गिऱ्हाइकाला पॅकिंगवर छाप नको आणि मुक्काम सांगायचा नाही त्याच्याकडून अॅडव्हान्स घेतल्याशिवाय धागा पण रंगवू नका, हा सल्ला युद्ध नसतं तरी दिला असता.

गोदूताईनगर
मी शिवते ते शाळेचे गणवेश. उद्या मालकानं सैन्याचे शिवायला आणले तर मी शिवणार. पीसरेट बघणार, देश नाही. आणि तुमच्या वडिलांना "लढाईचा पैसा" नको असेल तर त्यांना विचारा, पहिल्या महायुद्धात सोलापूरच्या मिलांनी काय विकलं होतं म्हणून.

टॉवेलवाला
वडिलांना विचारलं. ते म्हणाले तेव्हा ते जन्मलेले नव्हते, आणि जेवायला बसले. भाऊ कोटेशन पाठवतोय, निम्मे पैसे आधी या अटीवर. मी हत्यारांच्या बाबतीत अजून विरोधातच आहे.

बार्शीकर
म्हणजे उचल तुम्ही घेणार.

माजी_तोफखाना
टॉवेलवाले, विरोधात राहा, हरकत नाही, पण मग एका गोष्टीचं उत्तर द्या. १९६२ ला अटी घालून का होईना, विमानं आली. तेव्हा तुमच्या वयाचा एखादा अमेरिकन म्हणाला असता की पाठवू नका, लढाई लांबेल, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?

टॉवेलवाला
काका, ती लढाई एक महिना चालली आणि २१ नोव्हेंबरला चीननं स्वतःहून थांबवली. आलेली हत्यारं झाडली तरी का कुणी?

माजी_तोफखाना
फारशी नाही. पण ती आलीत हे चीनला दिसत होतं. उद्या ड्यूटीनंतर सविस्तर लिहितो, आता नातवाला क्लासला सोडायचंय.